बटणाची शाळा

ता. ४ जून
ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. हेडमास्तर घरच्यांशीही हेडमास्तरच! लेकीला शाळेतून काढलंस, डोकं ठिकाणावर आहे का, असं विचारलंयस. आहे रे बाबा, आहे. शाळेत ती बोलताना अडखळली की वर्ग फिदीफिदी हसायचा. सहा महिने घरी शिकतेय आणि अडखळणं पार गेलं बघ. अपूर्णांक कापडावर शिकली, पावणेदोन मीटरमध्ये काय काय बसेल ते खडूने आखून दाखवते. पुस्तक आवडलं तर दुपारभर वाचते, मध्येच घंटा नाही की ओरडा नाही. हे गेल्यापासून घर खायला उठायचं. आता मी मशीनवर आणि लेक, आमचं बटण, समोर, असं बरं चाललंय.

सोबत शर्ट पाठवतेय. कॉलर सैल ठेवलीय, वहिनी म्हणत होती की तुझी मान वाढलीय. रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. ५ जून
ती. मामास,
बटणाचा नमस्कार.

हे पत्र तुझ्या शर्टाच्या खिशात लपवतेय. आईला कळवू नकोस, तिला फार लागेल.

आई सगळ्यांना सांगते, माझं अडखळणं गेलं. गेलेलं नाही. मी पहिलं अक्षर काढलं की पुढचं आईच बोलून टाकते. पाणी हवं, कात्री हवी, झोप आली, तिला सगळं आधीच कळतं. म्हणून मी बोलायचंच सोडलं. काल अख्ख्या दिवसात एक शब्द बोलले नाही आणि तिच्या लक्षातही आलं नाही. ती खुशीत होती. घरी शिकायला आवडतं मला, खोटं नाही, पुढच्या इयत्तेचं गणितही संपलं. पण मला आईला एक सांगायचंय आणि ते जरा लांब आहे.

तुझीच,
बटण

ता. १२ जून
चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

शर्ट बसला, टोमणाही बसला. तुझ्यावर उगाच डाफरलो. माझ्या वर्गात साठ पोरं, एकासाठी थांबलो तर तास संपतो. तुझ्याकडे थांबायला वेळ आहे, घरच्या शाळेचा हा फायदा मला मान्य.

तर माझं एक ऐक, आणि का म्हणून विचारू नकोस. बटणाला काहीतरी विचार, आणि लगेच टाचण्या ओठांत धर, फिटिंग करताना धरतेस तशा. तिचं बोलून होईपर्यंत काढायच्या नाहीत. मग मला कळव. तुम्हा दोघींची काळजी वाटते.

तुझा,
दादा

ता. २० जून
ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. तुला काय हवंय, असं तिला विचारलं आणि सहा टाचण्या ओठांत धरल्या. पहिल्याच अक्षरावर ती अडकली. माझा जीव वरखाली. मला वाटलं, पुस्तक मागतेय. टाचण्या नसत्या तर बोलूनही गेले असते. ती लालबुंद झाली, थांबली, पुन्हा लागली. पाच मिनिटं तरी गेली असतील.

तिला शाळेत जायचंय, दादा. पोरं हसायची खरी, म्हणाली, पण तिचं वाक्य संपल्यावर हसायची.

टाचण्या काढल्या आणि ढसाढसा रडले. घरी शिकवण्याचे फायदे गिऱ्हाइकांनाही ऐकवत होते मी. ते खोटे नव्हते. पण घरात कुणीतरी असावं, हा फायदा माझा होता, तिचा नव्हे.

कालपासून ती शाळेत जातेय. गणित मात्र घरीच करणार, असं तिने बजावलंय. ते सांगायला खूप वेळ लागला आणि मी ऐकलं.

आज दुपारभर एकटीच बडबडत शिवत होते. सगळी वाक्यं पुरी केली. ऐकायला कुणी नव्हतं.

सवड काढून येऊन जा. जीव लावतोस तसा लावत राहा.

तुझी,
धाकटी