चिमटा आणि मशीन

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
अकादमीत मशीन आलं. वजनकाट्यासारखंच — अनवाणी उभं राहायचं, वीस सेकंदांत अंगातल्या चरबीचा टक्का छापून हातात. योगेंद्र सर, धावण्याचे कोच, खूश. म्हणाले, आता तुमचा चिमटा कपाटात ठेवा, मॅडम. अकरा वर्षं मुलींची चरबी त्या चिमट्यानंच मोजते आहे — दंडामागची, पोटावरची, मांडीवरची कातडी धरायची, मिलिमीटर लिहायचे, हिशेब करायचा.
ठेवला नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
किमया. सतरा वर्षांची, पंधराशे मीटर धावते. वडील पीथमपुरात कारखान्यात, ही इथे देवासला होस्टेलात. मशीन १९.४, चिमटा १३. एवढा फरक पडायला नको. सरांना सांगितलं.
"मशीन झूठ नहीं बोलती, मॅडम."
सरांची अट — मशीनवर पंधराच्या खाली आली तरच भोपाळच्या स्पर्धेला. रात्रीच्या पोळ्या बंद.

१७ फेब्रुवारी, सोमवार
किमयाचं वजन दीड किलोनं कमी. चिमटा १२. मशीन २०.१! पोरगी वाळत चालली आहे आणि मशीनचा आकडा चढतो आहे. सरांनी सकाळचं दूधही तोडलं. मी नोंद केली. माझं काम नोंद करण्याचं.

१९ फेब्रुवारी, बुधवार
किमयाला खोलीत बोलावलं. ओठ फुटलेले होते. खोदून विचारलं तेव्हा कळलं — मोजणीच्या आदल्या दुपारपासून पाणीच पीत नाही. हलकं दिसावं म्हणून.
समजावलं. मशीन चरबी बघतच नाही. अंगातून अगदी बारीक करंट सोडतं. अंगात पाणी असेल तर तो सहज जातो, नसेल तर अडतो. अडला की मशीन त्याला चरबी धरतं. तहानलेली मुलगी त्याला जाड दिसते.
"म्हणजे मी उगाच उपाशी राहिले, ताई?"
जाताना दारात थांबली. ऑक्टोबरपासून पाळी नाही. डावी नडगी दुखते. सरांना सांगू नका म्हणाली. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
दोन दिवस तिला वेळेवर पाणी प्यायला लावलं. आज पुन्हा मशीनवर — १३.६. चिठ्ठी सरांपुढे ठेवली. वाटलं, नुसत्या पाण्यानं आकडा एवढा पडला, आता तरी मशीनची चूक कळेल. त्यांनी आकडा वाचला आणि हसले. "आ गई ना पंधरा के नीचे! डाएट चालू ठेवा." भोपाळच्या यादीत नाव घातलंसुद्धा.
पाळीचं सांगितलं. कडक ट्रेनिंगमध्ये असं होतंच, म्हणाले.
संध्याकाळी तिच्या वडिलांना फोन केला.

२२ फेब्रुवारी, शनिवार
किमयाचे वडील श्रीपादराव पहिली शिफ्ट सोडून आले. मी बरोबर गेले, इंदूरला. डॉक्टरांनी नडगीचा फोटो दाखवला — बारीक तडा. अंगाला पुरेसं अन्न नाही म्हणून पाळी थांबली, म्हणून हाडं ठिसूळ व्हायला लागली आहेत, सतराव्या वर्षी. तीन महिने धावणं बंद, पोटभर जेवण. भोपाळला गेली असती तर हाड मोडलं असतं, म्हणाले. किमया रडली नाही. बाहेर येऊन दोन कचोऱ्या खाल्ल्या, खाली मान घालून.
परतताना गाडीत श्रीपादरावांनी एकच विचारलं.
"ऑक्टोबरपासून हिला दर सोमवारी कोण मोजत होतं?"
"मी."

२४ फेब्रुवारी, सोमवार
सरांनी यादीतून नाव खोडलं. मला म्हणाले, मुलींच्या डोक्यात काही भरवू नका. आज मोजणी झाली. सगळ्यांचे आकडे लिहिले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी माझ्या खोलीबाहेर सहा मुली उभ्या. म्हटलं, मोजणी काल झाली. गुंजन म्हणाली, "मोजायला नाही आलो, ताई. आमचीपण पाळी बंद आहे."