ऑर्किडच्या फितीवरचे नाव

मी, मेंग बुन-रे, वय ७६, राहणार योंगडुंगपो, सोल, हे सारे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. मला कुणी धाक घातलेला नाही. जे घालतील त्यांना अजून याचा पत्ता नाही.

१. संसदेजवळचे माझे फुलांचे दुकान बंद करावे. चुलत दीर ग्वाक प्योंग-हो यांना त्यातली रिकामी कुंडीही देऊ नये. माझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीला त्यांनी प्लास्टिकची फुले पाठवली होती.

२. माझे कुंचले माझ्यासोबत जाळावेत. कुणी मंत्री झाला की त्याला ऑर्किडची कुंडी जाते. तिच्या फितीवर अभिनंदन आणि पाठवणाऱ्याचे नाव असते. अशा फिती मी कुंचल्याने एकतीस वर्षे लिहिल्या. सर्वांत मोठे गिऱ्हाईक एक उद्योगसमूह. त्याचे नाव घेताना आमच्या गल्लीत आजही आवाज खाली येतो, म्हणून मी नुसते समूह म्हणते. बाकीच्यांच्या ऑर्डरी नेमणूक जाहीर झाल्यावर येत, समूहाची आधीच येई. मला वाटे, मोठी माणसे, बातमी लवकर कळत असेल.

१९९४ साली माझ्या नवऱ्याने घोळ केला. नामगुंग नावाच्या प्राध्यापकांसाठी समूहाने सांगितलेली कुंडी त्याने एक दिवस आधीच पोचवली. त्यांच्या पत्नी हसल्या.

"अहो, घर चुकलात. आमच्या ह्यांना कॉलेजातला शिपाई विचारत नाही, मंत्री कोण करतंय?"

प्राध्यापकांनी फीत दोनदा वाचली. त्यांनाही काही ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी ते मंत्री झाले. जिथे मंत्री ठरतात तिथूनच आपल्याला ऑर्डर येते, हे मला तेव्हा समजले.

३. त्यानंतर प्रत्येक ऑर्डरीची आणि नेमणुकीची तारीख मी एका वहीत लिहीत गेले. ती वही मी कुणाच्याच नावे ठेवू शकत नाही. २००३ साली समूहाचा माणूस नाशपतीची पेटी घेऊन आला.

"ताई, तुमचा थे-इल हुशार आहे म्हणे. आमच्याकडे येऊ दे की. आणि त्या जुन्या वहीचं तुम्ही करता काय?"

मी वही दिली. त्याच वसंतात माझा एकुलता एक मुलगा समूहात लागला. मुलासाठी केले, असे मी स्वतःला सांगत आले. मला त्याची लाज वाटते.

४. आज सकाळी दहाला थे-इलचाच फोन आला. समूहाच्या गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी सरकार आयोग नेमणार आहे. त्याच्या अध्यक्षांसाठी कुंडी हवी होती.

"आई, परवा पोचली पाहिजे. नाव कुणाजवळ काढू नकोस, माझ्यावर शेकेल."

ते नाव जेगाल सांग-मिन. ज्याची चौकशी व्हायची, तोच चौकशी करणारा निवडतो आहे. नेमणूक जाहीर होताच साक्षीदारांनी हा कागद वर्तमानपत्रांना द्यावा. माझ्या मरणाची वाट पाहू नये.

५. घर थे-इलला. त्याची नोकरी जाईल आणि ती मीच घालवलेली असेल. तो माझ्याशी बोलणार नाही, याची मला फार भीती वाटते. तरी घराची किल्ली त्यालाच द्यावी.

मेंग बुन-रे (शिक्का)
योंगडुंगपो, सोल, १४ नोव्हेंबर २०११

साक्षीदार: चा मल-सुक, शेवयांचे दुकान. ओक जे-दोल, किल्लीवाले.

जेगाल सांग-मिन हे नाव आम्ही दोघांनी आज बाराला पाच कमी असताना वाचले. नंतर बाराच्या बातम्या ऐकल्या. अध्यक्ष कोण, याचा अद्याप विचारही झालेला नाही, असे सरकारने सांगितले. ते ऐकून आम्ही या कागदावर सह्या केल्या.