फवारण्या राहतात कुठे?

१४ ऑक्टोबर २००४
नोकरी सोडली ते योग्यच केलं. माझं सॉफ्टवेअर 'द्राक्षराज' तयार! बागेत कोणतं औषध कधी मारलं, सगळं कॉम्प्युटरवर. एक्स्पोर्टवाले हेच मागतात. पहिलं गिऱ्हाईक माझे सासरे, दिंडोरीचे चिमाजीमामा. त्यांना यंदा हॉलंडला माल पाठवायचाय. मला त्यांच्या तोंडून शाब्बास ऐकायचंय. लग्नापासून ऐकलेलं नाही.

१७ ऑक्टोबर
मामांच्या पीसीवर इन्स्टॉल केलं. मोहिनी म्हणाली, फाइल कुठे सेव्ह करायची ते हे विचारतच नाही. बायकोला काय सांगणार? माणसाला विचारलं की तो गोंधळतो. द्राक्षराज स्वतः ठरवतं: सी ड्राइव्ह, प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये, त्यात आणखी एक फोल्डर, तोही हिडन. मलाच सापडेना. याला म्हणतात सिक्युरिटी.

मामांनी विचारलं, जावईबापू, पर माझ्या फवारण्या ऱ्हात्यात कुठं? म्हटलं, ते तुम्ही बघायचं नाही.

७ नोव्हेंबर
मामा अजून पंपघराच्या भिंतीवर खडूनं फवारण्या लिहितात. हसू आवरलं. दिवाळीच्या निमित्तानं भिंतीला चुना मारून घेतला. आता लिहिणं बंद, असं बजावलं. मामा भिंतीकडे बघत बसले. सवय सुटेल.

१८ नोव्हेंबर
गंगापूर रोडला यादव भेटला. मामांचा पीसी तोच दुरुस्त करतो. म्हणाला, साहेब, डेटा डी ड्राइव्हमध्ये टाका, मशीन बिघडलं की आपण सरळ सी फॉरमॅट मारतो, सगळं पुसून. हे आपले तज्ज्ञ! त्याला अमेरिकेतली पद्धत समजावली. मी गेलेलो नाही, पण अशीच असणार.

५ डिसेंबर
मोहिनीच्या हट्टापायी बॅकअपचं बटण टाकलं. दाबलं की कॉपी होते. त्याच फोल्डरमध्ये, मूळ फाइलच्या शेजारी. दोघी सोबत असलेल्या बऱ्या.

२० फेब्रुवारी २००५
एक्स्पोर्टचा माल भरणाऱ्या पिंपळगावच्या पॅकहाउसला परवा फवारण्यांची प्रिंट हवी. मामांचा फोन: मशीन लय अडकतंय. व्हायरस! मी व्हर्जन दोनमध्ये गुंतलोय. म्हटलं, यादवला बोलवा.

२१ फेब्रुवारी
मशीन एकदम झकास चालतंय. सी फॉरमॅट. यादव म्हणाला, डीला हात नाही लावला, साहेब.
डीमध्ये आमच्या लग्नाचे फोटो आहेत. मी बरा दिसतो.

२२ फेब्रुवारी, सकाळ
परिस्थिती हाताबाहेर नाही. पंपघराची भिंत खरवडतोय. निदान ऑक्टोबरच्या फवारण्या मिळतील.

दुपार
चुन्याखाली चुनाच आहे.

संध्याकाळ
पॅकहाउसनं माल घेतला नाही. फार वाईट वाटलं. तरी तांत्रिकदृष्ट्या चूक यादवची.

२७ मार्च
मामांकडून बेदाण्यांचा डबा आला. हॉलंडला जायची होती तीच द्राक्षं. सोबत निरोप: डबा कुठं ठेवायचा ते जावईबापूंनी ठरवू नये.
मोहिनीनं ठेवला. कुठे, म्हणून विचारलं. म्हणाली, ते तू बघायचं नाही.