नायलॉनचे दात

क्वीन्सटाउन, सिंगापूर

ती. अण्णा,
वाकून नमस्कार.

माझी पाठ आता कमी दुखते, आईला सांगा. तुमचा मोतीबिंदू कधी काढणार?

काल आमच्या गॅरेजात साठ वर्षांची अमेरिकन गाडी आली, बंद पडलेली. इंजिन उघडलं तर टायमिंग गिअरचे दात चक्क नायलॉनचे, आवाज कमी व्हावा म्हणून केलेले. इतकी वर्षं त्यांनी इंजिन चालवलं, आणि काल बोटांत बत्ताशासारखे फुटले.

आमचे सत्तरीचे मिस्त्री, मिस्टर लिम, म्हणाले, “लोखंडी गिअर तूच बसव.” एक दात जरी चुकला तरी इंजिनाची वेळ बिघडते, म्हणून दोन्ही गिअरवरच्या खुणा मी दोनदा तपासून जुळवल्या. इंजिन सुरू झालं ते इतकं मऊ, की आम्ही दोघं नुसते ऐकत उभे राहिलो.

“तुला हे कोणी शिकवलं?” त्यांनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. नीट उच्चारता येईपर्यंत त्यांनी ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

तुमचा,
हृषी