रंगाचं पान

४ जानेवारी, शनिवार
वेस्ट मांबलममध्ये खोली मिळाली, आणि घरमालक चक्क मराठी. बालाजीराव तंजावरकडचे, त्यांचं बोलणं ऐकताना जुनी बखर वाचल्यासारखं वाटतं. श्रीपेरुंबुदूरच्या आमच्या कारखान्याची बस गल्लीच्या तोंडाशीच थांबते. सावनी पुण्यातली नोकरी सोडून महिनाअखेरीस येईल. तोवर बायकोऐवजी कॅमेरा. जेवायला बसलो तर शेजारी आणखी एक केळीचं पान वाढलेलं. धाकट्या भावाचं, रंगाचं. तोही माझ्यासारखाच पक्षीवेडा म्हणे. जेवायला काही आला नाही.

५ जानेवारी, रविवार
बालाजीराव स्वतः पळ्ळीकरणैच्या दलदलीवर घेऊन गेले. चित्रबलाक पाहिले, अगदी मनसोक्त. पिवळी लांब चोच, पाठीवर गुलाबी झाक, उंची माझ्या कमरेएवढी. अर्धी उघडी चोच गढूळ पाण्यात फिरवत राहतात. काही लागलं की चोच मिटते. बघायची गरजच नाही. पण मी जरा हललो की सगळे उडतात. बालाजीरावांनी लव्हाळ्यांच्या आड रंगाचा बसायचा दगड दाखवला. म्हणाले, "हलूं नको. पक्षी तुला विसरले पाहिजेत." रंगा हल्ली कुठे असतो, विचारलं. इथंच, म्हणाले. म्हातारा थट्टेखोर आहे.

१२ जानेवारी, रविवार
जमलं! सकाळभर पुतळा होऊन बसलो. एक चित्रबलाक इतका जवळ आला की लेन्सला फोकस मिळेना. इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. परतताना एकही रिक्षा थांबली नाही. इथले रिक्षावाले, दुसरं काय.

१९ जानेवारी, रविवार
आज पक्षी माझ्या बुटावर पाय देऊन गेला. नंतर मी उठलो, अंग झटकलं. एकही उडाला नाही. मजा वाटायला हवी होती.

२० जानेवारी
हात केला तरी बस थांबली नाही. कसाबसा ऑफिसला पोचलो. शेजारच्या टेबलावरच्या सहानाने माझ्या खुर्चीवर स्वतःची बॅग ठेवली. मी हाक मारली. तिने मान वर केली नाही.

२२ जानेवारी
सावनीचा फोन. मी बोलतोय, ती हॅलो हॅलो करते —
बालाजीरावांनी आज दोन पानं वाढली. रंगाचं आणि माझं. रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले, सापाड घ्या दोघं, जेवून घ्या. रंगा एकटा होता, त्याला सोबत हवी होती, असंही म्हणाले. म्हातारा रडत होता. मी पोटभर जेवलो. पानावरचं काहीच कमी झालं नाही.

२५ जानेवारी
सावनी आली. दारात मीच उभा होतो. मंदार कुठे, तिने मला ओलांडून विचारलं. दलदलीवर, बालाजीराव म्हणाले. उद्या तिला तिकडे नेणार आहेत.
एकच उपाय. तिच्यासमोर पक्षी उडवायचे. मग तिला कळेल, इथे कुणीतरी —

२६ जानेवारी
ती रस्त्याच्या कडेला उभी आहे. मी थव्यातून धावलो. ओरडलो. पाणी उडवलं — पाणीही —
एकही नाही उडाला.
दगडावर कुणीतरी बसलंय. सरकून जागा करतंय.
सावनी मागे वळली, परत निघाली.
त्यांना बघावं लागत नाही. काही लागलं की चोच मिटते. डावा हात एका पक्ष्याच्या चोचीत घातलाय, अगदी आतपर्यंत, उजव्याने लिहितोय — मिट, बाबा, मिट —
चोच मिटत ना