वाटूरच्या रस्त्यावरचा भोंगा

६ जाने. १९७५, सोमवार
पोंऽक्. पोंऽक्. पहाटे त्या आवाजानं जाग आली. बाहेर पाहिलं, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. लहानपणी गावात पहिली मोटार आली होती, तिचा भोंगा तो. पितळी तोंड, मागे रबरी फुगा. आम्ही पोरं कविता अर्धी टाकून वर्गातून पळालो होतो. मोटारीमागे धूळ, धुळीत आम्ही, आमच्यामागे छडी घेऊन गुरुजी. काय दिवस...

दुपारी कोर्टाचं समन्स आलं. मंगळवारी २१ ला साक्ष. कचरू ड्रायव्हरची केस.

कोर्टात गोंधळ नको म्हणून लिहून ठेवतो. दिवाळीनंतर वाटूरला एस.टी. चुकली. कचरूनं शेठच्या ट्रकात, केबिनमध्ये जागा दिली. ओढ्याच्या वळणावर सायकलवरचा महेबूब कल्हईवाला ट्रकखाली यायचा तो थोडक्यात वाचला. पाय मात्र मोडला. हवालदारानं विचारलं, "हॉर्न?" मी म्हणालो, "भोंगा वाजला होता." त्यानं तेवढंच लिहिलं. मी सही केली.

९ जाने., गुरुवार
संध्याकाळी अशोक आला. चौथीत माझ्या हाताखाली होता, आता वकील. ड्रायव्हर लोकांच्या केसेस बहुतेक त्याच्याकडेच. फाटका कोट, पण इस्त्री कडक.

"गुरुजी, कचरूची सगळी केस तुमच्या कानावर उभी हाय."

शेठ म्हणतो, गुन्हा कबूल कर नि मोकळा हो. अशोकला ते पटत नाही. "शेठला गाडी मोकळी पाहिजे, माणूस न्हाई. कबूल केलं नि कैद झाली तर? लायसन गेलं तर? त्याला दुसरं काय येतं?" मग माझ्याकडे वळून, "मी एकच विचारीन. भोंगा वाजला होता का? तुम्ही म्हणायचं, हो."

"अरे, पण कुठं वाजला, कधी..."

"ते मी विचारणार न्हाई. एका वाक्यात उत्तर लिहा, हे तुम्हीच शिकवलं ना? जास्त लिहिलं की मार्क कापायचे तुम्ही."

सौ. चहा घेऊन आली. "यांना एका वाक्यात सांगायला सांगता? भाजी काय करू विचारलं तरी कविता ऐकावी लागते मला."

तिघंही हसलो. तो गेल्यावर मला हसू पुरलं नाही.

१२ जाने., रविवार
आज सगळं पुन्हा नीट आठवून पाहिलं.

केबिनमध्ये सरकीचा वास. दोन्हीकडे ज्वारी हुरड्यावर आलेली, तिरपं ऊन. अशा वेळी मला गप्प बसवत नाही. कचरूला त्या पहिल्या मोटारीची गोष्ट सांगितली. तो खूश. त्याच्या ट्रकचा बॅटरीचा हॉर्न बिघडलेला, म्हणून त्यानं खिडकीशी रबरी भोंगाच बसवून घेतला होता.

"मंग आपला बी तसलाच हाय की, गुरुजी! ऐका!"

लिंबाच्या झाडापाशी त्यानं तो दाबला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फक्त माझ्यासाठी. हुबेहूब तोच आवाज! मी डोळे मिटले. "अजून एकदा" म्हणालो का? म्हणालो असेन.

मग वळण. ब्रेक. भांडी रस्त्यावर गडगडत गेल्याचा आवाज.

लिंबापाशी वाजला तो खरा. वळणावर? माझ्या कानात तेव्हाही वाजत होता. पण कुठला? कचरूचा, की

१४ जाने., संक्रांत
कचरू आणि त्याची बायको आले तिळगूळ घेऊन. तिनं हातावर ठेवला, नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि "गोड बोला"पाशी अडखळली. मीही मान खाली घालून चघळत राहिलो.

शेठनं ट्रकवर दुसरा माणूस ठेवलाय. कचरू मोंढ्यात पोती उचलतो. धीर करून विचारलं, वळणावर वाजवला होतास का रे?

"वाजवला असंल, गुरुजी. वळण आलं की हात आपोआप जातो. पण त्या दिवशी बराबर याद न्हाई. तुमची गोष्ट ऐकून राह्यलो होतो ना."

"तुम्ही गप बसा हो," बायको म्हणाली. "तुम्हाला नसंल याद. गुरुजींला हाय."

तो बोलत होता तेव्हा उजव्या हाताची मूठ नुसतीच उघडझाप करत होती. त्याला कळतही नव्हतं.

१७ जाने., शुक्रवार
अशोकच्या कचेरीत जाऊन सगळं सांगितलं. लिंबाचं, डोळे मिटल्याचं, सगळं. त्यानं चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"खोटं बोला असं मी म्हणणार न्हाई, गुरुजी. सरकारी वकिलांनी विचारलं तर हे सगळं सांगा. बिलकुल लपवू नका."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर उत्तर पूर्ण झालं."

परत येताना वर्ग आठवला. कविता म्हणताना मी डोळे मिटून घ्यायचो. चाल लागली की जग विसरायचो. उघडून पाहावं तर निम्मा वर्ग मागच्या दारानं पसार. तेव्हा त्याचंही कौतुक वाटायचं. आता वाटतं, डोळे उघडे ठेवून म्हटली असती तर कवितेचं काय बिघडलं असतं?

महेबूबकडे जावं असं रोज मनात येतं. आमच्या भांड्यांना तोच कल्हई करायचा. नवसागराचा धूर, आणि फडकं फिरवलं की काळ्या पातेल्यात चांदणं. सौ. म्हणते, "जाऊन या की. तो काय खाणार आहे तुम्हाला?" गेलो नाही. आता साक्षीच्या आधी गेलं तर लोक काय म्हणतील, ही सबब आयती मिळाली.

२० जाने., सोमवार
उद्या कोर्ट. कोट उन्हात टाकला होता, घडी करून ठेवला. अशोकचा निरोप, "अकराला या, नि एकच वाक्य." सौ. शेजारी हळदीकुंकवाला गेली आहे.

दार वाजलं. तीच काही विसरली असेल म्हणून उघडलं. दारात महेबूब. एकटा. काखेत कुबडी, तोंडावर घाम. गल्लीच्या तोंडापर्यंत टांग्यानं आलाय म्हणे, पुढं चालत.

"घाबरू नका, गुरुजी. साक्षीचं बोलायला आलो न्हाई. ते पोलिस नि वकील बघतील. मला एकच विचारायचंय."

त्याला ओट्यावर बसवलं. पाय पुढं ताठ करून बसला.

"मला त्या वळणाचं काहीच याद न्हाई. दवाखान्यात डोळे उघडले तेवढं हाय. घरवाली म्हणती, भोंगा वाजला असंल, तुझंच ध्यान कुठं तरी होतं. पोरगा म्हणतो, वाजलाच न्हाई. रोज ह्याच्यावरून झगडा. तुम्ही होते तिथं. गलती माझी होती का?"

"पाणी आणतो," म्हणालो आणि आत आलो.

तांब्या भरून कधीचा झालाय. पाणी न्यायचं सोडून हे लिहीत बसलोय. अशोकसाठी वाक्य तयार आहे. ह्याच्यासाठी

बाहेर फरशीवर कुबडी वाजली.

"पाणी ऱ्हाऊ द्या, गुरुजी. तुम्ही या."