कचेरीचं दार

गौलीगुडा, हैदराबाद
एप्रिल १९९५

प्रिय दादा,

आणि वर तूच विचारतोस, की मी गावाला पाठ का फिरवली! वहिनीसमोर, आत्यासमोर म्हणे सांगत फिरतोस, गौतमला शहराचं पाणी लागलं. लागलं तर लागलं. चौथीत शाळा सोडलेला मी, अक्षर माझं वाकडंतिकडं, पण या वेळी शेवटपर्यंत वाच.

बंदरावरची जुनी जकात कचेरी आपल्या आबांनी जन्मभर राखली. पगार पहारेकऱ्याचा, जीव मात्र घरच्यासारखा. कौलं चाळायचे, शिंपल्यांचा चुना भिंतींना लावायचे. आणि वैशाखात, होड्यांना लावून उरलेलं माशाचं तेल मागून आणून ते मोठं सागवानी दार चोळायचे. वरचं आबा, खालची फळी आपण दोघं. दाराला तहान लागते म्हणायचे. गलबतांच्या काळापासून खारा वारा खात ते उभं राहिलं, ते काय नुसतं लाकूड चांगलं म्हणून? दर वर्षी कुणीतरी तेल पाजलं म्हणून. आबांच्या मागे ती नोकरी तुला मिळाली, तेव्हा म्हटलं बरं झालं, दाराला घरचाच माणूस मिळाला.

मग गेल्या श्रावणात तुझं पत्र. उधाणाच्या लाटेनं दार उखडलं, समुद्रात गेलं. त्या दिवशी मी कामावर गेलो नाही रे. आबा दुसऱ्यांदा गेले असं वाटलं. खोलीतल्या पोरांनी जबरदस्तीनं चहा पाजला. हे सगळं मी तुला लिहिलं, आणि तू उत्तर दिलंस, देवाची इच्छा.

इकडे आता रोज नवं हॉटेल निघतंय. प्यायला परदेशी कोला, सजावटीला मात्र जुनी दारं. जुनं हवं, पण नव्यासारखं चकचकीत. आमच्या उस्तादांकडे तसलीच कामं येतात. परवा हिमायतनगरच्या एका हॉटेलासाठी दार आलं. मी पॉलिशपेपर फिरवला आणि वास सुटला. उस्ताद नाकाला रुमाल लावून ओरडले, ‘क्या रे गौतम, मच्छी घिसरा क्या?’ सगळे हसले. मीही हसलो. मग खालच्या फळीवरची धूळ पुसली. आपली होडी, दादा. खिळ्यानं मी कोरलेली होडी, आणि तिच्यावर तू कोरलेलं शीड.

समुद्रात गेलेलं दार हिमायतनगरच्या किनाऱ्याला कसं लागलं, सांग ना.

विकलंस त्याचं एवढं नाही. अडचण असेल, वहिनीचं दुखणं असेल. सांगायचं होतंस. पण मला खोटं सुतक पाळायला लावलंस, आणि वर शहराचं पाणी मलाच लागलं?

गिऱ्हाइकाला तो वास नको होता. दोन दिवस सोड्याच्या पाण्यानं घासून घासून आबांनी पाजलेलं तेल मी माझ्या हातांनी काढलं. तळहाताची सालं निघाली. शेवटी रंधा घेतला. होडी ठेवली. तुझं शीड तासून टाकलं. ते तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून हे पत्र.

चौकट तरी अजून भिंतीत आहे ना? असली तर पावसाआधी तिला तेल पाज. तेलापुरते मनिऑर्डरनं पाठवतोय, साठ रुपये.

अजून तरी तुझाच,
गौतम